जोडीला जुंपलेली पोर

आमच्या गावात विनाकारण कुणी पळत नाही. पळतात ती दोनच माणसं: पोलीस भरतीची पोरं, आणि ज्यांच्या मागं कुत्रं लागलंय ती. म्हणून माझा धाकटा भाऊ जळगावहून आला आणि पहाटे नारिंगी चड्डी घालून अमळनेर रस्त्यानं पळत सुटला, तेव्हा नळावरच्या बाया हंडे तसेच सोडून बघत राहिल्या. एका म्हातारीनं त्याला हात करून थांबवलं.

"काय रे भाऊ, कोन मरी गयं?"

"कोणी नाही आजी. तब्येतीसाठी पळतोय."

"मंग हयू पय रे बाबा. घाई कसानी शे?"

भाऊ हसला आणि हळू न होता पुढं गेला. त्याचं जळगावात औषधांचं दुकान आहे. दिवसभर लोकांना गोळ्या विकायच्या आणि पहाटे गोळ्या लागू नयेत म्हणून पळायचं, असा त्याचा दुहेरी धंदा. तिकडं पळणाऱ्यांचा एक गट आहे, त्यात डॉक्टर, वकील, सराफ, सगळे खाऊन-पिऊन सुखी. त्या गटानं अलीकडं नवं व्रत घेतलं होतं. लहान मुलांना पळण्याची गोडी लावायची. पाच-सहा वर्षांपासून लावायची. भाऊ हे असं सांगायचा की जणू मुलं जन्मतः बसलेली असतात आणि यांनी येऊन त्यांना उभं केलं.

त्याचा स्वतःचा मुलगा मात्र बसलेलाच होता. नऊ वर्षांचा, गोरा, गुबगुबीत, पायात दिवे लागणारे बूट. बापानं त्याला पहिल्या दिवशी रस्त्यावर नेलं, तर तो पहिल्या मोरीच्या कठड्यावरच बसला आणि म्हणाला, पोटात दुखतंय. पोर वाईट नव्हतं. त्याला पळायचं नव्हतं, एवढंच. पण ज्याच्या बापाला गोडी लावायची असते त्याला 'नको' म्हणण्याची सोय नसते.

माझी लेक तेव्हा आठ वर्षांची. ती डेअरीवर दूध घालून रिकामी किटली हलवत परत येत होती. मामा पळताना दिसला तशी ती त्याच्या मागं लागली, मग बरोबर आली, मग पुढं गेली. अनवाणी, किटली वाजवत. भावानं दम लागून गुडघ्यांवर हात टेकले तेव्हा ती घराच्या पायरीवर बसून त्याची वाट बघत होती. भाऊ धापा टाकत मला म्हणाला, "अक्का, हिच्यात काहीतरी आहे."

मला ठाऊकच होतं. पण माझ्या म्हणण्याला कोण विचारतो? मी अंगणवाडीत सेविका. नवरा सुरतला कापडाच्या कारखान्यात गेला आणि तिथं त्यानं दुसरं घर केलं, म्हणून मी लेकीला घेऊन माहेरी आले. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठेवून घेतलं. उपकार झाले. माहेरी परत आलेल्या बाईला घरात झोपायला जागा मिळते, बोलायला मिळत नाही. आबा माझ्या लेकीला कधी नावानं हाक मारत नसत. 'लेकीनी लेक' म्हणायचे. म्हणजे आपली नव्हे, दुसऱ्याची, आपल्याकडं चरायला आलेली.

भावानंच धुळ्याच्या शाळेचं सांगितलं. खेळाची निवासी शाळा आहे, राहणं-जेवण तिथंच, शिक्षण दहावीपर्यंत. आठ-नऊ वर्षांच्या मुलींची पळण्याची चाचणी घेतात, पुढं येतील त्यांना ठेवून घेतात. नऊ पूर्ण झाली की मग नाही. पोळ्यानंतर महिनाभरानं चाचणी होती. आणि माझी लेक दिवाळीत नऊ पूर्ण करणार होती.

मला ती शाळा हवी होती. इतकी हवी होती की रात्री दात आवळून झोपायचे आणि सकाळी जबडा दुखायचा. या घरात ती वाढली तर तिचं काय होणार हे मला रोज आरशात दिसत होतं. दहावीच्या आत आबा स्थळं बघणार, नाही म्हणायला कुणी नसणार, आणि मग सुरत काय नि नाशिक काय. तिच्या पायांत जे होतं ते एवढंच तिचं स्वतःचं होतं. त्याच्यावर तिला इथून बाहेर पडायचं होतं. मी तिला म्हटलं, तू धुळ्याला जाशील. तिच्याशी मी मुद्दाम शाळेचीच भाषा बोलते, तिकडं गेल्यावर कुणी हसू नये म्हणून.

आणि मध्ये पोळा आला.

आमच्याकडं पोळ्याला मान असतो. बैलांच्या जोड्या सजवून मारुतीच्या देवळापासून निघतात, आणि ज्या घराची जोडी गावच्या वेशीतून पहिली जाते त्या घरानं पोळा फोडला असं म्हणतात. त्या घराला नारळ, त्या घरी गावाचा पहिला मान, वर्षभर पारावर बसायला पुढची जागा. आबांच्या जोडीनं अनेक वर्षं पोळा फोडला होता. मग ट्रॅक्टर आला, बैल बाजारात गेले, आणि मान समोरच्या गल्लीत गेला. तेव्हापासून आबा पारावर जात नव्हते. घरात बसून माझ्यावर डाफरत होते.

पण आता बैलच उरले नव्हते. गावात दोन-चार जोड्या होत्या, त्याही म्हाताऱ्या. आदल्या पोळ्याला मानाची जोडी वेशीसमोर आली आणि तिथंच फतकल मारून बसली. शेवटी चार गड्यांनी शेपट्या पिळून उठवली. गावाची शोभा झाली. तेव्हा यंदा काय करायचं यावर पारावर बैठक बसली, आणि माझा भाऊ नेमका त्या रविवारी आलेला. त्यानं उभं राहून सांगितलं, लहान मुलांची दौड ठेवा. मुलांना गोडी लागेल, मोबाईल सुटेल, प्रत्येकाला पदक देऊ, केळी देऊ. चोपड्याहून केळी तो स्वतः आणणार होता.

म्हाताऱ्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं. मग एक जण म्हणाला, "दौड ठीक शे. पन पोया म्हंजे जोडी. एकटा बैल कधी पोया फोडस का?"

झालं. भावाची दौड तिथंच बैलांची झाली. ठरलं ते असं: प्रत्येक घरानं दोन मुलांची जोडी द्यायची. दोघांनी एका दोराला धरून पळायचं, दोर सुटला तर जोडी बाद. उजवी बाजू मानाची, तिथं घराचा मुलगाच हवा. डावीकडं मुलगी चालेल, कारण एकेका घरात आता दोन मुलगे निघतात कुठं? कुणी हसलं नाही. भाऊही नाही. त्याला वाटलं, गाव पळतंय ना, मग दोर असेना का.

आबा त्या संध्याकाळी कित्येक दिवसांनी पारावर जाऊन बसले.

त्यांचा हिशेब सरळ होता. नातू म्हणजे घराचा वारस, पण चालत नाही. लेकीची लेक चालते, पण वारस नाही. नव्या गोऱ्ह्याला शेतकरी कधी एकटं जुंपत नाही. मुरलेल्या बैलाच्या शेजारी बांधतो, म्हणजे तो शेजाऱ्याचं बघून पाऊल टाकायला शिकतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आबांनी जन्मभर बैल असेच तयार केले होते आणि एकही फुकट गेला नव्हता. म्हणीवर त्यांचा देवाइतका विश्वास. गुण कुणाचा कुणाला लागेल हे मात्र म्हणीत सांगितलेलं नाही.

श्रावणभर शनिवार-रविवारी भाऊ मुलाला घेऊन यायचा. आबांनी सुती दोर आणला, पोराचं डावं मनगट आणि माझ्या लेकीचं उजवं मनगट एकत्र बांधलं, आणि दोघांना वाळूच्या नदीपात्रात सोडलं. हातात पराणी, म्हणजे बैल हाकायची काठी. तिचं लोखंडी टोक त्यांनी काढून टाकलं होतं, तेवढी दया केली.

पहिल्या दिवशी लेक सुटली आणि पोर तोंडावर पडलं. आबांनी काठी तिच्या पोटरीवर ओढली. पडला तो, मार हिला. मी काठावरून ओरडले, तर आबा शांतपणे म्हणाले, मंद बैलाला मारून फायदा नसतो, तो आणखी बसतो. चालणाऱ्याला मारावं, तो बरोबर दुसऱ्याला घेऊन येतो. हे त्यांनी मला असं समजावलं जसं मी अंगणवाडीत मुलांना हात धुवायला सांगते.

हळूहळू ती शिकली. पुढं गेली की काठी. मागं राहिली की काठी. पोराच्या पावलाला पाऊल लागलं की शाबास, आणि दोघं बरोबरीनं काठावर आली की गुळाचा खडा. "एकटी पुढे उनी त काय उपेग?" आबा म्हणायचे. "जोडी उनी पायजे." ती मान हलवायची. पळताना पुढं न बघता उजवीकडं बघायची, पोराचा गुडघा कधी उचलतोय ते. तो थकला की ती हाताला हिसका द्यायची, तो रडला की हळू व्हायची. त्याला हसवायला तोंडानं घुंगरांचा आवाज काढायची. मुलगा तिच्यावर जीव टाकू लागला. एरवी कुणी त्याच्यासाठी थांबतच नसे.

मधल्या वारांना पोर जळगावला शाळेत असायचं. सराव मोडू नये म्हणून आबांनी लेकीला बोकडाशी बांधलं. हे मी रचून सांगत नाही. आमच्याच गोठ्यातला काळा बोकड. तो कुठंही थांबायचा, कुठंही लेंड्या टाकायचा, मध्येच उलटा फिरायचा, आणि माझी लेक त्याला ओढत देवळापर्यंत न्यायची. गल्लीतली माणसं ओट्यांवर बसून हसायची. एकानं मोबाईलवर काढलं आणि गावभर फिरवलं.

मी दोर सोडला. सगळ्यांसमोर सोडला आणि देवळाखालच्या नदीत फेकला. तिच्या मनगटाला काळं कडं पडलं होतं, कातडी सोलून परत आली होती. आबा पायऱ्या उतरून गेले, दोर उचलून पिळून आणला आणि म्हणाले, "तुनी पोर तुनी शे. पन दोर मना शे, आनि घर बी मनं शे."

रात्री भावाला फोन लावला. म्हटलं, तुझा बाप माझ्या पोरीला बोकडाला बांधतो. तो म्हणाला, "अक्का, शहरात याला रेझिस्टन्स ट्रेनिंग म्हणतात. लोक पैसे देऊन टायर बांधून पळतात. तिचाच दम वाढेल, धुळ्याला उपयोगी पडेल." शिकलेल्या माणसाचं हे बरं असतं. कुठल्याही हरामखोरीला त्याच्याकडं चांगलं नाव तयार असतं. आणि वर म्हणाला, पोळा नीट पार पडला तर आबा खुश होतील, धुळ्याला पाठवायला मोडता घालणार नाहीत. ते खरं होतं. म्हणून मी गिळलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. जुवाखाली झिजलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. आबांनी दोन्ही मुलांना अंगणात पाटावर बसवून खांदे मळले. नातवाचे आधी, नातीचे नंतर, उरलेल्या तुपानं. म्हणाले, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दोघं खिदळली. मी आत खापरावर पुरणाच्या पोळ्या करत होते, आणि पहिल्या तीन जळाल्या.

दुसऱ्या दिवशी देवळासमोर जोड्या उभ्या राहिल्या. पोरांच्या पाठीवर झुली, डोक्याला बाशिंगं, पायांत घुंगरं. काहींच्या आयांनी कपाळाला शिंगांसारखा रंगही लावला. ढोल असा वाजत होता की लहान मुलं घाबरून मुतत होती. माणसं दोन्ही बाजूंना, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. भाऊ केळ्यांचे घड घेऊन वेशीजवळ उभा, छातीवर पदकांची माळ.

सुटल्या सुटल्या निम्म्या जोड्या एकमेकांत अडकून पडल्या. कुणाचा दोर सुटला, कुणी भांडायला लागलं, एक जोडी ढोलाला भिऊन उलटी देवळात शिरली. आमची जोडी सरळ निघाली. लेक पुढं बघतच नव्हती. उजवीकडं बघत, तोंडानं आवाज करत, त्याला घेऊन येत होती. वेस समोर आली आणि नातवाचा पाय झुलीत अडकला. तो पडला. हाताला दोर बांधलेला, ती थांबली नाही. तिनं त्याला ओढलं. पोटावर, गुडघ्यांवर, खडीवरून ओढत वेशीतून आत नेलं. तो किंचाळत होता आणि गाव टाळ्या वाजवत होतं.

आबा रडले. मी त्यांना आईच्या तिरडीशीसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. नातवाला खांद्यावर घेतलं, त्याच्या रक्ताळलेल्या गुडघ्यांवर गुलाल टाकला, त्याला टोपी घातली, नारळ त्याच्या हातात. बायांनी त्याला ओवाळलं. पदक सगळ्यांना होतं, माझ्या लेकीलाही एक मिळालं. दोर सोडायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. ती खांद्यावरच्या मुलाच्या हाताला लटकत, हात वर करून त्या मिरवणुकीबरोबर फरफटत चालली होती. मी कुणाचा तरी विळा घेतला आणि गर्दीत घुसून दोर कापला. मनगट टम्म सुजलं होतं.

ती म्हणाली, "तो पडला तरी मी सोडलं नाही, आई."

"शहाणी," मी म्हटलं.

नातू दुसऱ्या दिवशी जळगावला गेला. त्यानं बापाला सांगितलं की परत पळायला लावलं तर जेवणार नाही. भावानं त्याला सायकल घेऊन दिली आणि विषय मिटला. ज्याच्यासाठी सगळं केलं त्याची गोडी तिथंच संपली.

गावाला मात्र लागली. वेशीतला तो व्हिडिओ तालुकाभर फिरला आणि प्रत्येक बापाला आपला पोरगा पळायला हवा होता. चौथ्या दिवशी समोरच्या गल्लीतला, ज्याच्या घरचा मान आबांनी काढून घेतला होता तोच, टोपी हातात घेऊन दारात आला.

"आबा, तुमनी पोर आठ दिन द्या ना. मना पोऱ्याले जरा वळन लागी जाई."

द्या. नांगर द्या, पाभर द्या, तशी पोर द्या. ज्याच्याकडं शिकलेला बैल असतो त्याच्याकडं गाव असं मागायला येतं, आणि दिलं तर मोठेपणा मिळतो. आबांनी दिली. मी दारात आडवी उभी राहिले, तर आबांनी माझ्याकडं बघितलंही नाही. मला वळसा घालून पोरीचा हात धरून घेऊन गेले.

मग रोज संध्याकाळी तिच्या उजव्या हाताला वेगळं पोर. एक ढोला, एक सर्दीनं नाक गळणारा, एक जो वाटेत बसून माती खायचा, एक जो तिला चावायचा. सगळ्यांना ती देवळापासून वेशीपर्यंत आणायची. रात्री जेवताना मला सांगायची, आज त्याला अर्ध्यापर्यंत आणला, उद्या पूर्ण आणीन. तिच्या आवाजात अभिमान होता. पोरं खरंच पळायला लागली होती, हे मी नाकारत नाही. भावानं जळगावच्या गटात फोटो टाकला, गाव धावू लागलं. शंभरेक लोकांनी हात जोडले.

मला भीती होती ती वेगळीच. वाटलं, ही धुळ्याला एकटी पळायचंच विसरेल. म्हणून मी तिला पहाटे, गाव उठायच्या आत, रस्त्यावर न्यायला लागले. दोर नाही, शेजारी कुणी नाही. म्हटलं, सूट. आणि ती सुटली. देवा, काय सुटली! बोकड आणि ढोली पोरं ओढून तिच्या मांड्यांत खरंच बळ आलं होतं. मोकळ्या रस्त्यावर ती अशी गेली की मला रडू फुटलं. वाटलं, भाऊ बरोबर बोलला. म्हाताऱ्यानं छळलं, पण छळून काहीतरी दिलं. त्या दिवशी मी आबांना आपण होऊन दुसरा चहा करून दिला. त्या चहाची मला अजून लाज वाटते.

चाचणीच्या दिवशी भाऊ गाडी घेऊन येणार होता. आदल्या रात्री फोन आला, त्यांची कुठली तरी पळापळ होती. मग आम्ही एसटीनं गेलो. मी, लेक आणि आबा. आबा का आले? बैल बाजारात नेताना मालक बरोबर असतो म्हणून. स्वच्छ धोतर, नवी टोपी. अमळनेरला गाडी बदलली, धुळ्याला उतरून रिक्षा केली. वाटेत त्यांनी तिला स्वतःच्या हातानं शेव-मुरमुरे भरवले. त्यांना ती आवडू लागली होती, हेही खरं. चालणारं जनावर कुणाला आवडत नाही?

मैदानावर फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. एकेका रांगेत आठ-आठ मुली. खेळाचे सर कडक दिसले पण बोलायला गोड होते. त्यांनी मुलींना समजावलं, आपापल्या पट्ट्यात पळायचं, इकडंतिकडं बघायचं नाही, सगळ्यात पुढं यायचं. माझी लेक मन लावून ऐकत होती. तिला अगदी डावीकडचा पट्टा मिळाला. तिच्या उजवीकडं साक्रीकडची एक बारकी मुलगी, आईच्या साडीतून शिवलेला झगा, पायात मोठ्या भावाचे बूट. बघूनच कळत होतं की ही काही पळत नाही.

शिट्टी झाली. माझी लेक पहिल्या दहा पावलांतच सगळ्यांच्या पुढं. मी जाळीला दोन्ही हातांनी लोंबकळले. आता सुटली, मनात म्हटलं, आता ही सुटली इथून.

आणि तिनं उजवीकडं बघितलं.

शेजारी कुणी नव्हतं. ती बारकी मागं राहिली होती, बुटांत पाय घसरत होते. माझ्या लेकीचं पाऊल आखडलं. मी बघत होते. एखाद्यानं आतून लगाम खेचावा तसं ते आखडलं. एक मुलगी तिच्या पुढून गेली, मग दुसरी, मग सगळ्या. ती थांबून थांबून, त्या बारकीच्या गुडघ्याकडं बघत, उजवा हात अंगापासून लांब धरून पळायला लागली. तोंडानं घुंगरांचा आवाज काढत होती, तो मला जाळीपर्यंत ऐकू आला. मी गळा फाटेपर्यंत ओरडले, एकटी पळ, तिला सोड, एकटी पळ! तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. दोघी पावलाला पाऊल लावून, अगदी बरोबरीनं, सगळ्यांच्या शेवटी रेघेवर आल्या.

माझ्या शेजारी आबा उभे होते. त्यांचे डोळे चमकत होते.

"देख, कशी पायले पाय लाई राह्यनी," ते म्हणाले. "दोर नही, काठी नही, तरी. याले म्हनतस वळन."

मला त्या म्हाताऱ्याचा गळा धरावासा वाटला. सांगते ते खरं सांगते, माझे हात जाळीवर होते म्हणून तो वाचला.

त्या बारकीची आई धावत आली आणि माझ्या लेकीच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. म्हणाली, बाई, तुमच्या पोरीनं आमच्या पोरीची सोबत केली, एरवी ती अर्ध्यातच बसली असती. मी हसले. चेहऱ्याला जे करायचं असतं ते तो करतो. सरांनी पुढं आलेल्या मुलींना एका बाजूला उभं केलं आणि बाकीच्यांना पाणी पिऊन घरी जायला सांगितलं. मी त्यांच्याकडं गेले, म्हटलं, सर, एकदा तिला एकटीला पळवून बघा, फक्त एकदा. ते म्हणाले, ताई, इथं एकटं कोणीच पळत नसतं, शेजारी कुणीतरी असतंच. त्यांचं काही चुकलं नाही.

लेक घामानं निथळत माझ्याकडं आली. चेहऱ्यावर नुसता आनंद.

"आई, ती मागं राहत होती ना, मी तिला आणली. पूर्ण आणली. घेतलं ना मला?"

मी खोटं बोलू शकले असते. पण ती त्या बाजूला उभ्या असलेल्या मुलींकडं बघत होती, आणि कुणीतरी तिला सांगायलाच हवं होतं.

"नाही बाळा. तू शेवटची आलीस."

तिला कळलं नाही. तिनं त्या बारकीकडं बघितलं, जी आईच्या पदरात तोंड घालून बूट काढत होती.

"आणि तिला?"

"तिलाही नाही."

तेव्हा तिचा चेहरा पडला. स्वतःसाठी पडला नव्हता, तो त्या मुलीसाठी पडला. ती माझ्या साडीत तोंड खुपसून रडायला लागली.

"माझ्यामुळं गेलं तिचं," ती हुंदके देत म्हणाली. "मी तिला अजून जोरात ओढायला पाहिजे होतं."

आबांनी मागून तिच्या पाठीवर हात ठेवला. फार मायेनं ठेवला. म्हणाले, "रडू नको. पुढला टायमाले जोरमा वढ."

तिनं डोळे पुसले आणि मान हलवली.